बूट काढल्यावर

कोल्हापुरात पेठेच्या संघाकडून बरीच वर्षं फॉरवर्डला खेळलो, आता त्याच संघाचा कोच आहे. स्टार खेळाडूचा मॅनेजर कसा होतो हे रेआल माद्रिदच्या झिनेदीन झिदानकडं बघत शिकलो.

1. पायाला येतं ते तोंडाला येईलच असं नाही.
डिफेंडर पाठीवर घेऊन वळणं हा माझा हुकमी डाव. सरावात करून दाखवला, तर पोरांनी टाळ्या वाजवल्या. करायला सांगितलं, तर एकाला जमेना. एकानं विचारलं, "सर, तो कुठल्या बाजूला आहे हे तुम्हाला कळतं कसं?" खेळताना याचा कधी विचारच केला नव्हता. नीट लक्ष दिलं तेव्हा उमगलं, बॉल पायाशी यायच्या आधीच माझी मान एकदा मागं वळते. आता मी पोराच्या मागं उभा राहून बोटं दाखवतो. त्यानं मान वळवून आकडा ओरडायचा आणि मगच पास घ्यायचा.

2. आधी खालच्या पायरीवर बसावं.
झिदान 2013-14 मध्ये रेआलचा तेव्हाचा मॅनेजर कार्लो आन्चेलोत्तीच्या हाताखाली सहायक होता. मग स्पेनच्या तिसऱ्या श्रेणीत रेआलचा राखीव संघ कास्तिया सांभाळला. तिथं कोचिंगच्या लायसन्सवरून वाद झाला. वर्ल्डकप जिंकून देणाऱ्यालाही कागद विचारला गेला, आणि ते योग्यच होतं. 2016च्या जानेवारीत मुख्य संघ हाती आला तो त्यानंतर. इटलीचा मिडफिल्डर आंद्रेआ पिर्लोला मात्र ही उमेदवारी मिळालीच नाही. 2020 मध्ये युव्हेंटसनं त्याला तेवीस वर्षांखालच्या संघाचा कोच नेमलं आणि नऊच दिवसांत थेट मुख्य संघावर बसवलं. इटालियन कप जिंकूनही वर्षभरात त्याला जावं लागलं. मैदान इतकं वाचणाऱ्या माणसाला शिकायला सवड द्यायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

3. आपल्यासारखेच अकरा शोधू नयेत.
2016च्या फेब्रुवारीत रेआल घरच्या मैदानावर ॲटलेटिकोकडून 0-1 हरलं. त्यानंतर झिदाननं कासेमिरोला संघात पक्कं केलं. हामेस, इस्को ही झिदानच्याच जातकुळीची माणसं बाकावर बसली आणि बॉल हिसकावणारा गडी मध्ये उभा राहिला. त्याच वर्षी मे महिन्यात चॅम्पियन्स लीगचा कप आला. आमच्या पेठेतही गोल मारणाऱ्याची मिरवणूक निघते. संघ लावताना मी मात्र आधी सेंटर हाफचं नाव लिहितो.

4. मोठ्या खेळाडूला बाहेर बसवायचं तर त्याच्याशी आधी बोलावं.
2016-17 मध्ये झिदाननं क्रिस्तियानो रोनाल्डोला लीगच्या बऱ्याच सामन्यांत विश्रांती दिली. लास पाल्मासविरुद्ध मध्येच बाहेर काढलं तेव्हा रोनाल्डोची नाराजी सगळ्यांनी पाहिली, तरी झिदान हटला नाही. फळ वसंतात मिळालं. चॅम्पियन्स लीगच्या शेवटच्या पाच सामन्यांत, बायर्न, ॲटलेटिको आणि फायनलला युव्हेंटसविरुद्ध, रोनाल्डोनं दहा गोल केले. बत्तिसाव्या वर्षी पाय कुठं थकतात, हे त्याला स्वतः त्या वयातून गेलेल्या माणसानं सांगितलं म्हणून पटलं असावं. स्टार खेळाडूच्या नावाचा कोचिंगमध्ये खरा उपयोग होतो तो इथं.

5. खुर्चीला चिकटू नये.
2018 मध्ये सलग तिसरा चॅम्पियन्स लीगचा कप जिंकल्यावर पाचव्या दिवशी झिदाननं पद सोडलं. संघाला आता वेगळा आवाज हवा, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणून मी आतापासूनच एका सिनियर पोराला सराव घ्यायला लावतो.