पिन भोकात शिरत नाही, चूक कोणाची?

प्रश्न : आनंदनगर एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. डिझाइनमध्ये ०.९ मिमीचं भोक दिलं, तरी नव्या पीसीबीत कनेक्टरची पिन बसत नाही. ड्रिलने भोक वाढवू का? – एक वाचक, अंबरनाथ पूर्व

उत्तर : ड्रिल आधी खाली ठेवा. भोकातली तांब्याची भिंत खरवडली की वरच्या-खालच्या थरांचा संबंध तुटतो. असा बोर्ड तुमच्या टेबलावर चालतो नि गिऱ्हाइकाकडे बंद पडतो.

तुमची पिन बहुधा ०.६४ मिमीची चौकोनी असेल. तिचा कर्ण काढा : ०.९ मिमी. म्हणजे मोकळी जागा शून्य! शिवाय भोकात चहूबाजूंनी साधारण २० ते २५ मायक्रॉन तांबं चढतं, वर कथिल. म्हणून कारखाने मुळात मोठ्या बिटने भोक पाडतात. पण ०.९ हे तयार भोकाचं माप की ड्रिलचं, हे ऑर्डरीत लिहिलं नसेल तर पुरवठादाराशी भांडण्यात अर्थ नाही. ‘तयार भोक १.१ मिमी, अधिक-उणे ०.१’ असं स्पष्ट लिहा. पॅडही त्या मानाने वाढवा.

भोक खडबडीत असेल, सोल्डरमधून बुडबुडे येत असतील, तर मात्र बोथट बिट, पातळ प्लेटिंग किंवा बोर्डात मुरलेला ओलावा यांवर संशय घ्या आणि मायक्रोसेक्शनचा अहवाल मागा. पुढचा लॉट पिन गेज लावल्याशिवाय उतरवून घेऊ नका.