तोच बिबट्या की दुसरा? एकेक प्राणी ओळखण्याचा पाठ



विज्ञानाच्या तासाला आपण मुलांना वाघ, सिंह, बिबट्या यांची चित्रं दाखवतो. कोण कुठे राहतो, काय खातो, एवढं सांगून झालं की पाठ संपतो. पण मुलं एक प्रश्न हमखास विचारतात आणि त्याचं उत्तर पुस्तकात नसतं : "सर, काल दिसला तो आणि आज दिसला तो एकच होता का?" आपल्या बीड जिल्ह्यात हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही.

नोव्हेंबर २०२० चे शेवटचे दिवस आठवा. आष्टी तालुक्यात सुर्डी, किन्ही या भागात आठवड्याभरात बिबट्याच्या हल्ल्यात तीन जीव गेले. त्यात एक लहान मुलगा होता. मग डिसेंबरात शेजारच्या करमाळा तालुक्यात हल्ले सुरू झाले. तिथे गेलेल्यांमध्ये ऊसतोड कुटुंबातली एक चिमुरडी होती. १८ डिसेंबरला वांगीजवळ एक बिबट्या गोळी घालून मारला गेला. त्या महिन्यात मोबाईलवर जिकडेतिकडे बिबट्याचे फोटो फिरत होते आणि प्रत्येक फोटोखाली लिहिलेलं असायचं, "हाच तो". कशावरून हाच? हे मात्र कुणी लिहीत नव्हतं.

वनखात्याला असं "हाच तो" म्हणून चालत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मधलं कलम ११ बघा. माणसाच्या जिवाला धोका झालेला प्राणी पकडता येत नाही, बेशुद्ध करता येत नाही, दुसरीकडे हलवता येत नाही, अशी खात्री झाली तरच राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतात, आणि तीही लेखी कारणं देऊन. म्हणजे परवानगी त्या एका प्राण्याची असते, दिसेल त्या बिबट्याची नाही. चुकीचा बिबट्या मारला तर दोन गोष्टी होतात. एक निरपराध जनावर जातं, हे तर झालंच. पण त्याहून वाईट म्हणजे, गावाला वाटतं संकट टळलं, मुलं पुन्हा एकटी रानात जाऊ लागतात आणि खरा हल्लेखोर मोकळाच असतो.

वर्गात हा विषय सुरू करायचा तर जंगलापासून नको, गोठ्यापासून सुरू करा. दोनशे मेंढ्यांतली आपली कुठली आणि पाहुण्याची कुठली, हे मेंढपाळाचं पोर लांबून सांगतं. कानाची ठेवण, तोंडावरचा पांढरा पट्टा, चालताना एक पाय जरा ओढणं, अशा बारीक खुणा त्याच्या डोक्यात असतात. सरकारला एवढी नजर नाही, म्हणून जनावरांच्या कानात बारा अंकी नंबरचा पिवळा बिल्ला मारतात. रानातल्या जनावराला बिल्ला कोण मारणार? तिथे मेंढपाळाचीच नजर लागते, फक्त ती कागदावर उतरवावी लागते.

बिबट्याच्या अंगावर ठिपक्यांची जी फुलं असतात, त्यांची मांडणी दोन बिबट्यांत कधीच सारखी नसते. वाघाच्या पट्ट्यांचंही तसंच, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखं. पण इथे एक गंमत आहे, ती मुलांना जरूर सांगा : डाव्या कुशीवरची नक्षी उजव्या कुशीवर नसते. एकाचा डावा फोटो आणि दुसऱ्याचा उजवा फोटो असेल तर ते दोन की एक, हे सांगताच येत नाही. म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात. जनावर मधून गेलं की दोन्ही कुशींचे फोटो एकदम निघतात. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात बिबट्यांची मोजदाद याच पद्धतीने झाली.

आधी पाऊलठशांवरून मोजणी व्हायची. ही पद्धत सरोज राज चौधरी यांनी १९६६ मध्ये सुरू केली. काचेवर ठसा गिरवायचा, मग इतर ठशांशी ताडून बघायचा. ठशांवरून जनावर आलं-गेलं हे नक्की कळतं, पण तो "अमुकच" हे सांगणं अवघड. ओल्या चिखलात ठसा पसरतो, कडक मातीत लहान उमटतो. राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ होते आणि २००५ च्या सुमाराला जंगलात एकही उरला नव्हता. त्यानंतर देशाने ती पद्धत सोडली आणि कॅमेऱ्यांवर भर दिला. तरी ठसा वाचायला मुलांना शिकवावंच, कारण आपल्याकडे तरस, लांडगा, मोठं कुत्रं यांच्या ठशांवरूनही बिबट्याची आवई उठते. साधी खूण म्हणजे कुत्रा, लांडगा, तरस यांच्या ठशात नखं उमटतात. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो.

आता सिंह. मोठ्या सिंहाच्या अंगावर ना ठिपके ना पट्टे. मग ओळखायचं कसं? हा प्रश्न आधी मुलांना टाका आणि जरा वेळ द्या. आयाळ, कानाला पडलेली चीर, तुटलेला सुळा, नाकावरचा वण, ही उत्तरं येतील आणि ती बरोबरही आहेत. पण वण नवे पडतात, आयाळ वयाबरोबर बदलते. न बदलणारी खूण असते मिशांच्या मुळाशी. प्रत्येक मिशीच्या मुळाशी एक काळा ठिपका असतो आणि हे ठिपके ओळींनी असतात. सगळ्यात वरच्या ओळीत मोजकेच ठिपके, ते खालच्या ओळीतल्या कोणत्या ठिपक्यांच्या वर येतात, हे प्रत्येक सिंहात वेगळं. केनियात नैरोबीच्या सिंहांवर काम करून पेनिक्विक आणि रुडनाई यांनी १९७० मध्ये ही पद्धत मांडली. आफ्रिकेत आजही संशोधक सिंहाच्या तोंडाचा फोटो काढून आधी मिशांचे ठिपके मोजतात.

एवढी खटपट कशासाठी? कारण सिंहांमध्ये नर टोळी करून राहतात. वयात आलेले नर कळपातून बाहेर पडतात, बरेचदा सख्खे-चुलत भाऊ मिळून. दोघं-तिघं असतात, कधी त्याहून जास्त. दक्षिण आफ्रिकेतल्या साबी सँड भागात 'मापोगो' नावाची सहा नरांची टोळी गाजली होती. टांझानियातल्या सेरेंगेटीत १९६६ पासून सिंहांची नोंद ठेवली जात आहे. त्यातून कळलं की मोठ्या टोळीतले नर नात्यातले असतात, पण दोघातिघांच्या जोडगोळीत परका सिंहही सामील होतो. एकट्या नराला कळप टिकवता येत नाही. दुसरी टोळी येते, जुन्या नरांना हुसकते आणि बहुतेक वेळा आधीची लहान पिल्लं मारून टाकते. (हा भाग पाचवीला सांगावा की नाही, ते तुम्ही ठरवा. मी आठवीत सांगते. मुलं गप्प होतात, पण समजून घेतात.) म्हणजे टोळीतला एक नर मारला गेला तर त्याचा परिणाम अख्ख्या कळपाच्या पिढीवर होतो. म्हणून "एक सिंह मेला" एवढी नोंद पुरत नाही, कोणता मेला ते लागतं.

२०१५ सालचं उदाहरण द्या. झिम्बाब्वेतल्या ह्वांगे राष्ट्रीय उद्यानातला सेसिल नावाचा सिंह शिकाऱ्याने मारला. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच्या गळ्यात पट्टा बसवलेला होता. त्याचा जोडीदार होता जेरिको. महिन्याभरात बातमी जगभर पसरली की जेरिकोही मारला गेला, तो सेसिलचा भाऊ होता. दोन्ही गोष्टी खोट्या निघाल्या. जेरिकोच्या पट्ट्यातून सिग्नल येत होता, तो जिवंत होता, फिरत होता. आणि तो भाऊ नव्हे, साथीदार होता. बघा, मोठमोठ्या वृत्तसंस्थांचंसुद्धा आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपसारखंच झालं!

आपल्या देशात सिंह फक्त गीर भागात. २०२५ च्या गणनेत तिथे ८९१ सिंह आढळले. तिथेही नर जोडीने राहतात. 'जय-वीरू' ही जोडी पर्यटकांच्या फार ओळखीची होती. २०२५ मध्ये दोघंही थोड्या अंतराने मेले.

महाराष्ट्रात परत येऊ. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण वाघाला २०१९ मध्ये पट्टा बसवला. तो तेलंगणाला शिवून, मराठवाडा-विदर्भातून शेतं, रस्ते, नद्या ओलांडत तीन हजार किलोमीटरच्या आसपास चालला आणि बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पट्टा होता म्हणून कळलं. डिसेंबर २०२४ मध्ये मात्र आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात येडशी-रामलिंगच्या जंगलात एक वाघ कॅमेऱ्यात आला, त्याच्या गळ्यात पट्टा नव्हता. पट्टे होते ते अंगावरचे! ते जुन्या फोटोंशी जुळवल्यावर हा टिपेश्वरचाच, हे निघालं. मराठवाड्याच्या नकाशावर मुलांना ही वाट रेघेने काढायला लावा. भूगोलाचा तास आपोआप होतो.

बिबट्याची अशीच गोष्ट 'आजोबा'ची. नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला बिबट्या २००९ मध्ये बाहेर काढला. विद्या अत्रेय आणि वनखात्याने त्याला पट्टा बसवून माळशेज घाटात सोडलं. तो चालत मुंबईपर्यंत गेला. पुढे पट्टा निकामी झाला, पण कातडीखाली बारीक चिप होती. २०११ मध्ये महामार्गावर गाडीखाली मेलेला बिबट्या सापडला, चिप वाचली, तेव्हा कळलं की हा आजोबा. त्याच अत्रेयबाईंनी जुन्नर भागाचा अभ्यास करून दाखवलं की बिबटे धरून दुसरीकडे सोडायला लागल्यावर माणसांवरचे हल्ले वाढले. नेऊन सोडलेला बिबट्या अनोळखी जागी बावरतो आणि मोकळ्या झालेल्या जागेवर दुसरा बिबट्या येतो. दिसला की पिंजरा लावा, ही मागणी भीतीपोटी होते, मला ती समजते. पण पिंजऱ्यात सापडतो तो जवळचा बिबट्या, हल्ला करणाराच असेल असं नाही.

वर्गासाठी एक उपक्रम. बिबट्यांचे सहा-सात फोटो छापून घ्या, त्यात एकाच बिबट्याचे दोन हवेत, दोन्ही एकाच कुशीचे. मुलांनी जोडी शोधायची आणि निदान तीन ठिपके-गट पेनाने घेरून पुरावा दाखवायचा. "वाटतंय" हे उत्तर चालणार नाही. एक उजव्या कुशीचा फोटो मुद्दाम मिसळा, तिथे "सांगता येत नाही" हे उत्तर बरोबर धरा. ह्या उत्तराला पूर्ण गुण द्या. आपल्या परीक्षांत ते कधी मिळत नाहीत, म्हणून सांगते.

आणि दसरा-दिवाळीनंतर ज्या पालकांना ऊसतोडीला जायचंय, त्यांच्यासाठी. बिबट्याची मादी उसात पिल्लं घालते. फड तोडताना पिल्लं दिसली तर उचलू नका, गोंजारू नका, काम थांबवून वनखात्याला कळवा. रात्री आई पिल्लांना घेऊन जाते. फडाच्या कडेला लहान लेकराला एकटं ठेवू नका. वाकून किंवा उकिडवं बसलेलं माणूस बिबट्याला लहान जनावरासारखं दिसतं, म्हणून पहाटे-रात्री बाहेर जाताना दोघं-तिघं मिळून, बॅटरी घेऊन, बोलत जा. ठसा दिसला तर पुसू नका. शेजारी पेन किंवा पट्टी ठेवून सरळ वरून फोटो काढा, जागा आणि वेळ लिहून ठेवा आणि १९२६ या वनखात्याच्या मोफत क्रमांकावर सांगा. तो फोटो ग्रुपवर टाकण्याआधी.