बेल्टची कार्यक्षमता किती धरावी?

प्रश्न : स्कूटरच्या सीव्हीटीचे सिम्युलेशन करतो आहे. बेल्टची कार्यक्षमता सरसकट ९० टक्के धरून गिअरबॉक्सशी तुलना केली तर चालेल का?

उत्तर : नाही. रबरी बेल्ट पुलीच्या खाचेत शिरताना-निघताना घासतो, वाकतो, थोडा घसरतोही. घसरण फेऱ्यांत दिसते, घासण्या-वाकण्यातली हानी टॉर्कमध्ये. दोन्ही वेगळ्या मांडा. भार उतरला तरी ही दुसरी हानी त्या प्रमाणात उतरत नाही, म्हणून हलक्या भाराला टक्केवारी चांगलीच घसरते. तेव्हा गुणोत्तर, टॉर्क आणि फेरे यांनुसार बदलणारा तक्ता घ्या. गिअरची एक जोडी ९७-९८ टक्के देते खरी, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका. दोन्हींना एकच इंजिन, एकच ड्राइव्ह सायकल द्या आणि जळालेले इंधन ताडून पाहा.