सीझनपुरती माणसं

मी एका बियाणे कंपनीच्या मार्केटिंग विभागात आहे. वाशीम जिल्हा माझ्याकडे. डिझाइन, व्हिडिओ, गावोगावच्या सभा सगळं बाहेरच्या माणसांकडून करून घ्यायचं, असं हेड ऑफिसचं धोरण. त्यातून पदरी पडलेलं हे थोडंफार.

१. सोयाबीनचं बी ३ ते ४ सेंटीमीटर खोल पडावं लागतं. आमच्या पत्रकाच्या प्रुफात ते ३ ते ४ इंच झालं होतं. डिझायनर पुण्याचा, हात चांगला. पण आदल्या आठवड्यात त्याने साबणाची जाहिरात केलेली आणि पुढे क्लासची करायची होती. रिसोडच्या कृषी केंद्रवाल्याने कागद हातात घेतला अन् म्हणाला, "साहेब, येवढ्या खाली पडलं तं निंगन का हो ते?" विभागात पूर्वी असलेल्या पक्क्या माणसाचा हात त्या इंचापाशी आपोआप थांबला असता. आता दरवर्षी माणूस नवा, म्हणून दरवर्षी शिकवणीही सेंटीमीटरपासून.

२. लग्नसराई आणि आमची तयारी एकाच वेळी येते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाला की पेरणी सुरू. मग पत्रक बघायला सवड कुणाला? म्हणून सगळं मे महिन्यातच तयार लागतं. तेव्हा कारंज्यापासून मानोऱ्यापर्यंत एकही व्हिडिओवाला मोकळा नसतो. त्याला तरी काय बोलणार! वधूपिता रोख देतो, आमचं बिल महिनोन् महिने फिरतं.

३. ओपन फाइल, फेसबुक पेजचा पासवर्ड, शेतकऱ्यांच्या नंबरांची यादी: ॲडव्हान्स देतानाच ताब्यात घ्या.

४. खरी किंमत जुलैत कळते. सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के हवी. ती झाली नाही की तक्रार होते, तालुक्याची समिती शेतात येते, पंचनामा होतो. गावात सभा घेऊन थैली खपवणारा मुलगा तोवर कीटकनाशकवाल्यांची टोपी घालून शेजारच्या गावात उभा असतो. मालेगाव तालुक्यात एक शेतकरी मला म्हणाला, "तुमचा मानूस समजूनच घेतलं नं आम्ही." तो आमच्या पगारावर नव्हता, हे पंचनामा चालू असताना कोणत्या तोंडाने सांगायचं?

५. सगळ्यांनाच कायम करा, असं माझं म्हणणं नाही. चार महिन्यांच्या कामाला बारा महिन्यांचा पगार कुणी देत नाही. पण मानोऱ्याकडच्या तांड्यांवर गोरमाटीत बोलणारा एक मुलगा आमच्याकडे होता. त्याला ठेवून घ्या, असं मी वर लिहून पाठवलं. जागा मंजूर नाही, असं उत्तर आलं. यंदा दुसऱ्या बियाणे कंपनीने त्याला पक्कं केलं.