हुतूतू ते विश्वचषक

पोशीरला भातकापणी उरकली की रिकाम्या खाचरात आम्ही हुतूतू खेळतो. गडी जमतील तितके. बाजूस सात गडी आणि आखीव मैदान असे नियम लेखी झाले, म्हणूनच हा खेळ परदेशी संघाशी खेळता आला, असे मला वाटते. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तो बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी दाखविला. १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत त्याला पदके मिळू लागली. २००४ साली पहिला विश्वचषक मुंबईतच झाला. अंतिम सामन्यात आपण इराणला हरविले. त्याच इराणने २०१८ साली जकार्तात पुरुष व महिला अशी दोन्ही सुवर्णपदके नेली! त्याचा मला विषाद नाही. नियम छापले की ते इराणी पोरेही वाचणारच. सल वेगळाच आहे. चढाईत दम धरताना 'कबड्डी'च म्हणावे लागते. 'हुतूतू' पंचाला चालत नाही.