मुखाशी दिसणारी रेघ

प्रश्न : श्रावणात आग्वाद किल्ल्यावरून पाहिलं, तर मांडवीच्या मुखाशी लालसर गढूळ पाणी आणि हिरवट समुद्र यांच्यामध्ये रेघ दिसते. तिच्यावर फेस, पाचोळा, काटक्या साचलेल्या असतात. पाण्यात पाणी लगेच मिसळायला हवं ना? (एक वाचक, पणजी)

उत्तर : ढवळलं तर मिसळतं, आणि इथे ढवळायलाच फार जोर लागतो. एक घनमीटर गोड्या पाण्याचं वजन सुमारे १,००० किलो, समुद्राच्या पाण्याचं १,०२५ किलोच्या आसपास. फरक जेमतेम अडीच टक्के, पण तेवढ्यानेच नदीचं पाणी समुद्रावर पातळ थर होऊन पसरतं. मिसळायचं तर खालचं जड पाणी वर उचलायला हवं. तो जोर वेगाच्या फरकातून येतो : वरचा थर धावतो, खालचा रेंगाळतो, मग सीमेवर भोवऱ्यांच्या गुंडाळ्या होतात आणि फुटतात. खरी खळबळ तिथे. फरक कमी पडला, की वजनच भोवऱ्यांना दाबून टाकतं.

तुमची रेघ म्हणजे या थराची पुढची कड. तिथे दोन्ही बाजूंचं पाणी एकमेकांकडे येतं आणि खाली बुडी मारतं. पाचोळ्याला बुडी मारता येत नाही, तो वरच राहतो.

मला याहून मोलाचं वाटतं ते मात्र किल्ल्यावरून दिसत नाही. दोन थरांच्या सीमेवरही लाटा उठतात. घरी करून पाहा : बाटलीत अर्ध्यापर्यंत खूप मिठाचं पाणी घ्या, त्यावर चमच्याच्या आधाराने आमसुलाचं लाल पाणी हलकेच सोडा आणि बाटली कलती करा. वरचा पृष्ठभाग लगेच स्थिरावतो, लाल सीमा मात्र सावकाश हेलकावत राहते. वजनातला फरक थोडा, म्हणून लाटेला परत खेचणारा जोरही थोडा. लाट उंच उठते आणि संथ चालते. पाच मीटर जाडीच्या गोड्या थराखाली तिचा वेग सेकंदाला साधारण एक मीटर, म्हणजे माणसाच्या चालीइतका.

ऑगस्ट १८९३ मध्ये सैबेरियाच्या किनाऱ्याजवळ ध्रुवसंशोधक नान्सेनचं ‘फ्राम’ जहाज अशाच थरात अडकलं. समुद्रावर वितळलेल्या बर्फाचं गोडं पाणी पसरलेलं, इंजिन चालू, आणि जहाज मात्र कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखं. नॉर्वेचे खलाशी याला ‘मेलेलं पाणी’ म्हणत. समुद्रशास्त्रज्ञ एकमनने टाकीत प्रयोग करून १९०४ मध्ये उलगडा केला : वरचं पाणी जवळपास सपाट, पण इंजिनाची ताकद खालच्या सीमेवर लाटा उठवण्यात खर्ची पडते.

नदीसुद्धा अशा लाटा सोडते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कोलंबिया नदीच्या मुखाबाहेर नॅश आणि मूम या समुद्रशास्त्रज्ञांनी हे मोजलं, २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं. ओहोटीबरोबर बाहेर पडलेल्या गोड्या पाण्याची कड सुरुवातीला आतल्या लाटांपेक्षा वेगाने धावते, म्हणून लाटा तिच्यापुढे जाऊ शकत नाहीत. पाणी पसरून कडेचा वेग मंदावला, की त्या सुटून खोल समुद्राकडे निघतात. त्यांच्यावरच्या पृष्ठभागावर खडबडीत आणि गुळगुळीत पट्टे उमटतात. उपग्रहाच्या रडारला ते दिसतात.

आता एप्रिलमध्ये पुन्हा किल्ल्यावर जा. तोवर मांडवीचा गोडा ओघ आटलेला असतो आणि रोजची भरती-ओहोटी नदीचं पात्र ढवळत राहते. मुखाजवळ वरपासून तळापर्यंत खारटपणा जवळपास सारखाच. रेघ शोधाल, तर ती जूनच्या पावसापर्यंत सापडणार नाही.