जुनी गाडी आणि वाढीव हमी

सीबीडी बेलापूरच्या एका तरुणाने जुम्यानंतर विचारले, ‘‘मौलाना, जुनी स्पोर्ट्स कार घेतोय. वेगळे पैसे भरून वाढीव वॉरंटी घेऊ का?’’

विक्रेत्याने किमतीतच दिलेली हमी सौद्याचा भाग असते. वेगळ्या मोबदल्याची हमी मात्र बहुतेक उलमांच्या मते विम्यासारखी आहे. बिघाड होईल की नाही, कोणास ठाऊक? अशा अनिश्चित सौद्यास, म्हणजे ‘गरर’ला, प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे. याच कारणास्तव जेद्दाच्या फिक्ह अकादमीने १९८५ मध्ये व्यापारी विमा हराम ठरवला.

मग उपाय? खरेदीपूर्वी जाणत्या मेकॅनिककडून तपासणी करावी. लपवलेला जुना दोष निघाल्यास गाडी परत करण्याचा हक्क शरीअत देते. हमीचे पैसे दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावेत. आणि दुरुस्ती झेपणारच नसेल, तर बंधूंनो, ती गाडीच आपल्याला झेपणारी नाही.